मनाच्या आजारासाठी जवळपासचा तज्ज्ञ कसा शोधावा: पहिल्या फोनपासून चौथ्या भेटीपर्यंत

"एखादा चांगला सायकॉलॉजिस्ट सुचवा ना." शोध या प्रश्नापासून सुरू होतो आणि तिथेच चुकतो. ज्याला औषधाची गरज आहे तो सहा महिने समुपदेशनाच्या फेऱ्या मारतो. ज्याला निवांत बोलायचं आहे तो मानसोपचारतज्ज्ञांच्या गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटं बसतो, चिठ्ठी घेऊन परततो आणि "माझं कुणी ऐकूनच घेतलं नाही" म्हणून पुन्हा तिकडे फिरकत नाही. दोघांचंही दार चुकलेलं असतं. म्हणून नाव सर्वांत शेवटी ठरवा. आधी धोका आहे का ते पाहा, मग कोणत्या प्रकारचा तज्ज्ञ हवा ते, मग तो कुठे मिळेल, त्याची नोंदणी आहे का, आणि त्यानंतर फोन. पुढची माहिती महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाचकांना धरून दिली आहे.

## टप्पा १: अपॉइंटमेंटची वाट पाहता येईल का?

खालीलपैकी काहीही असेल तर तज्ज्ञाचा शोध बाजूला ठेवा आणि आजच रुग्णालय गाठा:

- मरणाचे विचार येत आहेत आणि कसं, कुठे, कधी हेही मनात ठरत चाललं आहे.
- कानात आवाज येतात, जेवणात कुणी विष घालतंय असा पक्का संशय आहे, किंवा खाणंपिणं बंद झालं आहे.
- सलग काही रात्री झोप नाही, तरी थकवा नाही. बडबड, उधळपट्टी, भांडणं वाढली आहेत.
- बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आई झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाविषयी विचित्र शंका घेते.
- रोज भरपूर दारू पिणाऱ्याने अचानक ती सोडली आहे आणि हात थरथरतात, घाम येतो, भास होतात किंवा फिट आली आहे.
- वयस्क माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळला आहे, माणसं ओळखत नाही. इथे बहुधा कारण शरीरात असतं: संसर्ग, साखर किंवा सोडियम खाली जाणं, एखादं औषध.

यासाठी समुपदेशन केंद्र किंवा ऑनलाइन सेशन उपयोगाचं नाही. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय किंवा जिल्ह्याचं सिव्हिल, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२. रस्ता लांबचा असेल किंवा काय करावं ते सुचत नसेल तर 'टेली मानस'ला १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्या माणसाला एकटं सोडू नका. कीटकनाशकाचे डबे आणि गोळ्यांच्या पट्ट्या घरातून हलवा. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती अनाठायी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

सावधान: आत्महत्येचा प्रयत्न झाल्यावर पोलीस केस होईल या भीतीने कुटुंबं कॅज्युअल्टीत "चुकून प्यायला" असं सांगतात, कधी औषधाचं नावही लपवतात. मग उपचाराची दिशाच चुकते आणि तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. काय घेतलं, किती, किती वाजता, हे खरं सांगा आणि रिकामी बाटली सोबत न्या.

## टप्पा २: कोणतं दार?

तीन वेगळ्या पाट्या असतात आणि लोक तिन्हींना "मानसतज्ज्ञ" म्हणतात.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. मानसिक आजाराचं निदान करून औषधं देतो, गरज पडल्यास दाखल करतो. पहिली भेट थोडी मोठी, पुढच्या भेटी बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या. त्यात तासभराच्या संवादाची अपेक्षा ठेवू नका, या कामाची रचनाच तशी आहे.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला. पीएचडीमुळे नावाआधी 'डॉक्टर' असू शकतं, पण तो औषधं देत नाही. थेरपी आणि मानसशास्त्रीय चाचण्या हे त्याचं काम. सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं.

समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर. समुपदेशन मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी, किंवा मनोरुग्ण समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेला असावा. घटस्फोट, शोक, परीक्षा, नोकरी, नात्यांतला ताण यांसाठी योग्य. सर्वांत जास्त फसगतही इथेच होते, कारण तीन दिवसांचं सर्टिफिकेट घेऊनही पाटी लावता येते.

आता निवड. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि रोजचं काम ही तिन्ही बिघडली असतील, किंवा टप्पा १ मधल्या लक्षणांची सौम्य सुरुवात दिसत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. पुन्हापुन्हा हात धुणं किंवा कुलूप तपासणं, अचानक छातीत धडधडून घाबरं होणं, एखाद्या अपघाताच्या किंवा अत्याचाराच्या आठवणी पाठ न सोडणं, यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची थेरपी मोठं काम करते. कधी जोडीला औषध लागतं. मूल अभ्यासात मागे पडत असेल तर "समजावून सांगा" म्हणून समुपदेशकाकडे नेण्याआधी आयक्यू आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या करून घ्या. ज्याला अक्षरंच नीट उमटत नाहीत त्याला चिकाटीवर व्याख्यान देणं हा अन्याय आहे. व्यसनासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्ती केंद्र. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी कोंडून एका दिवसात बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो.

तपासा: थकवा, उदासी, चिडचिड, वजनात बदल असेल तर फॅमिली डॉक्टरांना विचारून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहून घ्या. थायरॉइड मंदावलं की माणूस हुबेहूब नैराश्य आल्यासारखा दिसतो. रिपोर्ट येईपर्यंत अपॉइंटमेंट मात्र लांबवू नका.

## टप्पा ३: एक पान लिहून ठेवा

फोन करण्याआधी अर्धा तास काढून हे एका पानावर उतरवा. समोर बसल्यावर निम्मं विसरतं आणि उरलेलं बोलायचा धीर होत नाही. मग लिहिलेलं पान पुढे सरकवलं तरी काम होतं.

- त्रास कधीपासून, आणि त्याच सुमारास घरात किंवा कामात काय घडलं होतं.
- गेल्या आठवड्यात रोज किती वाजता झोप लागली, कितीला जाग आली.
- भूक, वजन. बाईमाणूस असेल तर पाळीच्या तारखा, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं.
- दारू, तंबाखू, गांजा: खरं प्रमाण. "कधीतरी" लिहू नका. "आठवड्यात चार क्वार्टर" लिहा.
- बीपी, साखर, थायरॉइड, फिट्स. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो, काढे आणि आयुर्वेदिक औषधांसकट.
- आधी कधी असं झालं होतं का, कोणती औषधं घेतली, का सोडली.
- रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार, व्यसन, आत्महत्या.
- मरणाचे विचार आले आहेत का. हो किंवा नाही.
- शेवटची ओळ: काय बदललं म्हणजे फरक पडला असं म्हणाल? "रात्री सहा तास झोप लागावी", "बसमध्ये पुन्हा बसता यावं". शेवटच्या टप्प्यात हीच ओळ कामाला येते.

नेहमीची चूक: इंटरनेटवर प्रश्नावली भरून "मला बायपोलर आहे" असं निदान घेऊन जाणं. निदान त्यांना करू द्या, तुम्ही अनुभव सांगा.

## टप्पा ४: नावं कुठून मिळवायची

एक नाव घेऊन निघू नका, तीन घ्या. पहिल्याकडे महिनाभर वेळ नसतो आणि दुसरा तुमच्या भाषेत बोलत नाही, असं सर्रास होतं.

सरकारी रुग्णालय. सिव्हिलमधल्या मानसोपचार ओपीडीचे वार आधी विचारून घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण समाजकार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदं असतात. हे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्यांतल्या रुग्णालयांतही जातं. तो दिवस आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून कळतो. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ससून, जेजे यांसारखी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आणि महापालिकेची केईएम, नायर, सायन ही त्या विभागाखाली येत नाहीत, तरी तिथला खर्च खासगीच्या तुलनेत किरकोळ असतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. पाटीची लाज वाटून लोक ही सोय सोडून देतात, ते पाहून वाईट वाटतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे.

संस्था. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून मराठीतून काम करते. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा फोनवर समुपदेशन देते आणि लोकांच्या शिफारशींवरून तज्ज्ञांची यादीही चालवते.

मनुष्यबळ तयार करणारी ठिकाणं. मानसशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आणि प्रशिक्षण संस्थांत अनेकदा कमी फीची केंद्रं असतात. तिथे शिकणारी व्यक्ती ज्येष्ठाच्या देखरेखीखाली सेशन घेते. पैसे कमी असतील तर हा पर्याय कमी प्रतीचा समजू नका.

फॅमिली डॉक्टर. लहान गावात याच्याइतका भरवशाचा मार्ग नाही. फक्त त्यांना नाव विचारू नका, "अशा त्रासाचे पेशंट तुम्ही कुणाकडे पाठवता, आणि ते बरे होऊन परत आलेले पाहिलेत का?" असं विचारा.

ओळखीच्यांना टाळा. मामेबहिणीची मैत्रीण समुपदेशक आहे म्हणून तिच्याकडे गेलात की तुम्ही अर्धंच बोलाल, आणि लपवलेलं अर्धंच बहुधा महत्त्वाचं असतं. गूगलवरच्या ताऱ्यांवर फार विसंबू नका. या उपचारातून बरे झालेले लोक आपलं नाव घालून क्वचितच लिहितात.

## टप्पा ५: नोंदणी तपासा

पाच मिनिटांचं काम, पण बहुतेक जण करत नाहीत.

मानसोपचारतज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून पाहा आणि पदव्युत्तर पदवी मानसोपचाराचीच आहे ना याची खात्री करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेचा 'सीआरआर क्रमांक', म्हणजे नोंदणी क्रमांक, विचारा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना हेही बघा. समुपदेशकांना आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत आणलं आहे, तरी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव एका जागी तपासायला मिळेल असं धरून चालू नका. त्यांना पदवी, विद्यापीठ आणि कामावर कुणाची देखरेख असते, हे तीन प्रश्न विचारा. चांगला समुपदेशक यात अपमान मानत नाही.

इथेच थांबा, पुढे जाऊ नका: "तीन सिटिंगमध्ये गॅरंटी", "औषधं आजच बंद करा", संमोहनाने सगळे आजार, पूर्ण पॅकेजचे पैसे आधी, ग्राहकांचे व्हिडिओ. समलैंगिकता "बरी करून देतो" म्हणणाराही यातच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

## टप्पा ६: फोनवर काय विचारायचं

फोन बहुधा रिसेप्शनवरची व्यक्ती उचलते. तिला सगळी कहाणी सांगू नका. दोन वाक्यं पुरतात: "मला दोन महिन्यांपासून झोप आणि भीतीचा त्रास आहे. पहिल्यांदाच दाखवतोय, काही गोष्टी विचारायच्या होत्या." मग:

१. पहिली भेट किती वेळाची? डॉक्टर स्वतः भेटतात की आधी सहायक माहिती घेतात?

२. मराठीतून बोलता येईल का? हा प्रश्न विचारायला संकोचू नका. इंग्रजीत नोकरी करणारा माणूसही आईच्या मरणाबद्दल इंग्रजीत बोलू लागला की त्याचं बोलणं कोरडं होतं. अहिराणी, मालवणी, कोकणी बोलणारं कुणी मिळालं तर आणखी चांगलं.

३. या प्रकारच्या त्रासाचे लोक त्यांच्याकडे नेहमी येतात का?

४. फी किती, सेशन किती वेळाचं, ऐन वेळी रद्द केलं तर पैसे लागतात का, सवलतीच्या काही जागा आहेत का?

५. दोन भेटींच्या मधे अचानक त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा?

फीचा हिशोब एका सेशनचा करू नका. १,००० रुपयांचं सेशन, आठवड्यातून एकदा, तीन महिने: १२ सेशन्स म्हणजे १२,००० रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. हे झेपणार नसेल तर दुसऱ्या सेशननंतर गुपचूप बंद करण्यापेक्षा आधीच सांगा. पंधरा दिवसांतून एकदा असंही बसवता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणे संरक्षण देणं बंधनकारक केलं, पण बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचाच खर्च देतात. ओपीडी आणि थेरपीचं काय, ते कंपनीकडून लेखी घ्या.

ऑनलाइन घ्यायचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट शक्यतो समोरासमोर करा. थेरपीसाठी बंद दार हवं. एका खोलीच्या घरात ते नसतं, तेव्हा गच्ची, उभी गाडी, शेतातली खोली यांपैकी काही शोधा आणि इअरफोन लावा. आपला पूर्ण पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर थेरपिस्टकडे देऊन ठेवा. परदेशातून भारतातल्या मराठी थेरपिस्टकडे जाणाऱ्यांनी तुमच्या देशातल्या व्यक्तीला सेशन देण्याची त्यांना परवानगी आहे का हे विचारावं. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो.

## टप्पा ७: पहिली भेट

पान, जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट घेऊन पंधरा मिनिटं आधी पोहोचा. सोबत कुणी आलं तरी निदान काही वेळ एकट्याने बोलायचं आहे, असं सुरुवातीलाच सांगा. नवरा, सासू किंवा वडील शेजारी बसलेले असताना निम्मे पेशंट "सगळं ठीक आहे" एवढंच बोलतात.

गोपनीयतेबद्दल स्वतःहून विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने तुम्हाला तो हक्क दिला आहे, पण त्याला मर्यादा आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने मागणी केली, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर माहिती द्यावी लागते. पॉक्सो कायदा २०१२ मध्ये ती सक्तीच आहे.

औषध मिळालं तर उठण्याआधी चार गोष्टी विचारा: कशासाठी, फरक किती दिवसांत, सुरुवातीला काय त्रास होईल, आणि किती महिने. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते. हे माहीत नसलं की पाचव्या दिवशी गोळ्या कचऱ्यात जातात. बरं वाटू लागल्यावर अचानक बंद करणं ही दुसरी मोठी चूक.

सावधान: झोपेची जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून महिनोन् महिने गोळ्या आणत राहू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि एकदम सोडल्यास फिटही येऊ शकते.

थेरपीच्या पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्नांत जातो. घरी येताना हलकं वाटण्याऐवजी जड वाटलं तर घाबरू नका.

## टप्पा ८: चौथ्या भेटीनंतर पारखा

एका भेटीवरून तज्ज्ञ बदलू नका, पण दहा भेटी भिडेपोटीही काढू नका. चौथ्या भेटीनंतर टप्पा ३ मधली शेवटची ओळ वाचा आणि बघा: आपण कोणत्या ध्येयावर काम करतोय हे मला सांगता येतं का? मी त्यांना "हे मला पटलं नाही" म्हणू शकतो का? दोन सेशन्सच्या मधल्या दिवसांत मी काही वेगळं करून पाहतोय का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तेच पुढच्या सेशनमध्ये बोला. बऱ्याचदा दिशा तिथेच सुधारते. नाही सुधारली तर "मला दुसऱ्या कुणाकडे पाठवाल का?" असं विचारा आणि उपचाराचा सारांश मागून घ्या. उपचाराच्या नोंदी मिळणं हा त्याच कायद्याच्या कलम २५ नुसार तुमचा हक्क आहे. बदलताना सुरू असलेली औषधं नव्या डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत थांबवू नका.

लगेच बाहेर पडण्याची कारणं वेगळी आहेत: अंगाला नकोसा स्पर्श, लैंगिक सूचक बोलणं, उसने पैसे मागणं, बाहेर भेटायचा आग्रह, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नावानिशी सांगणं. डॉक्टरांची तक्रार वैद्यक परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पुनर्वास परिषदेकडे करता येते.

## घरचं माणूस यायलाच तयार नसेल तर

"बीपी तपासायला जाऊ" म्हणून फसवून नेऊ नका. ओपीडीच्या दारात पाटी वाचली की विश्वास तुटतो आणि पुढची काही वर्षं ते माणूस कुठल्याच दवाखान्यात येत नाही. जेवणात गोळी मिसळणं तर त्याहून वाईट: पकडलं गेलं की "माझ्या अन्नात काहीतरी घालतात" हा संशय खरा ठरतो.

त्याऐवजी कुटुंबातल्या एकाने आधी स्वतः मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. अपॉइंटमेंट घेतानाच "पेशंट येणार नाही, नातेवाईक बोलतील" असं सांगा. कसं बोलायचं, कोणत्या लक्षणावर थांबायचं नाही, हे तिथे ठरवता येतं. माणसाशी बोलताना "तुला वेड लागलंय" ऐवजी त्याला स्वतःला सलणारी तक्रार धरा. झोप ही बहुधा त्यालाही मान्य असते. ज्याचा शब्द तो ऐकतो अशा एकाच माणसाने बोलावं, सगळ्यांनी मिळून घेरू नये.

घरातली वडीलधारी मंडळी देवळात किंवा दर्ग्यात न्यायचं म्हणत असतील तर त्यावर वाद घालून वेळ घालवू नका. तिकडे जाऊन या, पण गोळ्या आणि अपॉइंटमेंट चुकवायची नाही, एवढं आधी कबूल करून घ्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं सुरू झालं तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. तिथे ११२ ला फोन करा आणि माणसाला बाहेर काढा.